घरच्या आजारांची वही



साक्षरतेच्या वर्गात तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात. पोस्टात, बँकेत जिथे अंगठा उठवीत होता, तिथे आता सही करता. मला फार आनंद वाटतो. पण मी जन्मभर मास्तरकी केली. मास्तराचे नुसत्या आनंदावर भागत नाही. तो लगेच पुढचा अभ्यास देतो. मीही आज तुम्हांला एक अभ्यास देणार आहे. प्रत्येकाने घरी एक वही करायची. त्या वहीत आपल्या घराण्यातल्या माणसांची नावे लिहायची आणि नावापुढे त्यांचे आजार लिहायचे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे काय भलतंच! आजार का कोणी लिहून ठेवतं? उलट आजार झाकून ठेवावा."

का लिहायचे, ते कळावे म्हणून मी तुम्हांला एका गाठीची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे. त्या घरच्या माणसांना विचारूनच सांगतो आहे. नावे मात्र सांगणार नाही. या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक आहे. तीही सांगतो.

गळ्याभोवतीचे उपरणे

आमच्या गावात एक शेतकरी आहे. कष्टाळू, सरळ माणूस. पण उन्हाळा असो की पावसाळा, त्याच्या गळ्याभोवती उपरणे गुंडाळलेले असे. लोक थट्टा करीत. एकदा तो मुलाचा दाखला न्यायला शाळेत आला. चैत्राचे ऊन होते. घाम पुसायला त्याने उपरणे सोडले आणि मला दिसले. उजव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेवर, लिंबाएवढी गाठ होती.

मी विचारले, "अरे, हे केव्हापासून?"

तो म्हणाला, "सात-आठ वर्सं झाली, गुरुजी. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पण कुणापाशी बोलू नका. पोरगी लग्नाला आलीय."

त्याच्या वडलांना मी ओळखत होतो. म्हातारपणी त्यांना एका कानाने ऐकू येईनासे झाले होते. "माझ्या कानात रात्रंदिवस कोणीतरी कांडतंय," असे ते म्हणत. त्यांच्याही मानेला एका अंगाला फुगवटा होता. गावात याचे दोन अर्थ लावीत. कोणी म्हणे, यांच्या आज्याने बांधावरचा नाग मारला, त्याचे वीख गाठीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या उतरते आहे. कोणी म्हणे, सून घरात आली आणि पाठोपाठ गाठ आली, सुनेचा पायगुण वाईट. त्या बिचारीने हे बोलणे वर्षानुवर्षे ऐकून घेतले.

२००५ साली गाठ वाढली. त्याचा आवाज घोगरा होऊ लागला. एकाने गाठीवर तापल्या लोखंडाचा डाग दिला होता. त्याची जखम चिघळली. तेव्हा मात्र मी त्याला शहरातल्या रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी गाठीवर बोटे ठेवली आणि ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "या गाठीत नाडी उडते आहे. हिला कोणी सुई लावू नका, चीर देऊ नका."

मग आमच्या हातात एक छापील कागद आला. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून तो मी भरला. नाव, गाव, वय, तंबाखू खाता काय. खाली एक प्रश्न होता : रक्ताच्या नात्यात कोणाला असा आजार आहे किंवा होता काय?

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने हात जोडले आणि मान हलवली. मुलीचे लग्न नुकतेच ठरले होते. त्याच्या वडलांचा फुगवटा मला ठाऊक होता. तरी मी त्या रकान्यात लिहिले : 'नाही'.

ऑपरेशन नीट झाले. गाठ निघाली. तो घरी आला. मुलीचे लग्नही झाले. मला वाटले, आपण एका गरिबाची लाज राखली.

आठ वर्षे गेली. २०१३ साली त्याचा धाकटा भाऊ त्याच रुग्णालयात दाखल झाला. त्याच्याही मानेत गाठ होती. ती मोठ्या रक्तवाहिनीला आणि तिच्या शेजारच्या नसेला वेढून बसली होती. डॉक्टरांनी शर्थ केली. माणूस वाचला. पण आवाजाची नस वाचली नाही. गावच्या भजनी मंडळात हा माणूस पुढे उभा राहून म्हणत असे. आता तो हळू, फाटक्या आवाजात बोलतो. पाणी पितानाही त्याला ठसका लागतो.

या वेळी थोरल्या भावाने सारे काही सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हे २००५ साली कळते, तर सगळ्या भावंडांना तेव्हाच बोलावून तपासले असते. याची गाठ तेव्हा लहान होती. नस राखता आली असती."

मी तिथेच उभा होतो. त्या घरात तेव्हा कोणाला लिहिता येत नव्हते. मला येत होते. आणि मी खोटे लिहिले होते.

ही गाठ कसली?

आता ही गाठ म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या मानेच्या दोन्ही बाजूंना बोट लावून पाहा. नाडी लागते. तिथून एकेक मोठी रक्तवाहिनी डोक्याकडे जाते. जबड्याच्या कोपऱ्याजवळ तिला दोन फाटे फुटतात. त्या फाट्याच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक मांसाचा कण असतो. दोन्ही बाजूंना एकेक. हा कण म्हणजे शरीराचा राखणदार. रक्तात प्राणवायू पुरेसा आहे की नाही, यावर तो नजर ठेवतो. प्राणवायू कमी पडला, की तो मेंदूला वर्दी देतो, 'श्वास वाढवा!' मग आपण भराभर श्वास घेतो. या राखणदाराचे काम शोधून काढल्याबद्दल बेल्जम देशातले शास्त्रज्ञ हेमन्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कधी कधी हा कणच वाढू लागतो आणि त्याची गाठ होते. असेच बारीक कण कानाच्या आत, कवटीच्या तळाशी आणि मानेतल्या नसेवरही असतात. तिथेही गाठ होऊ शकते. डॉक्टर अशा गाठीला 'पॅरागँग्लिओमा' म्हणतात. नाव अवघड आहे. आज आपण तिला 'नाडीची गाठ' म्हणू.

ही गाठ बहुधा फार सावकाश वाढते. दुप्पट व्हायला तिला कैक वर्षे लागतात. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते. पण ती बसते तीच जागा नाजूक. तिथून डोक्याकडे रक्त जाते. आवाजाची, गिळण्याची, जिभेची नस तिथूनच जाते. गाठ लहान असताना हे सारे वाचवता येते. ती मोठी झाली, की कठीण होते.

मग गाठ होते तरी का? नाग मारला म्हणून नाही. सुनेच्या पायगुणानेही नाही. आपल्या शरीराच्या प्रत्येक कणात एक बारीकशी चूल असते. ती प्राणवायू वापरते आणि शरीराला शक्ती देते. त्या चुलीचा एक भाग जन्मतःच सदोष असला, तर प्राणवायू असूनही राखणदाराला तो नाही असेच वाटते. तो सारखी हाळी देत राहतो आणि हाळी देता देता वाढत जातो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात अँडीज नावाचा उंच पर्वत आहे. तिथली वस्ती इतक्या उंचावर आहे, की हवाच विरळ. तिथल्या लोकांत हा राखणदार मोठा झालेला आढळतो आणि या गाठीही जास्त आढळतात. यावरून प्राणवायूचा आणि या गाठीचा संबंध लक्षात येतो.

हॉलंडमधल्या वंशावळी

चुलीचा हा दोष घराण्यातून कसा उतरतो, हे कसे कळले? मोठ्या यंत्रांच्या आधी ते कळले कागद-पेन्सिलीने. तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. आपल्या महाराष्ट्राहून बराच लहान. त्या देशात लायडेन नावाचे शहर आहे. तिथले विद्यापीठ १५७५ सालचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचे. तिथे फान डेर मे नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. हॉलंडमधल्या काही घराण्यांत अशा गाठी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. हे डॉक्टर आणि त्यांचे सोबती यांनी त्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. आजोबा, आजी, काका, आत्या, त्यांची मुले, नातवंडे, सगळी कागदावर उतरवली. ज्यांना गाठ होती, त्यांच्यावर खूण केली. हॉलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद दोनशे वर्षांहून अधिक काळ होत आली आहे. अशी लिखापढीची सवय असली, की मागच्या पिढ्या शोधणे सोपे जाते.

वंशावळ पुरी झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. गाठ मुलग्यांना होत होती, तशी मुलींनाही होत होती. पण ज्यांना ज्यांना गाठ होती, त्यांना तो वारसा बापाकडून आला होता. आईकडून दोष आलेल्या मुलांना गाठ झालेली नव्हती. १९८९ साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली.

पुढे १९९८ साली असे दिसून आले, की हॉलंडमधल्या निरनिराळ्या आडनावांच्या अनेक घराण्यांत हा दोष एकाच जुन्या पूर्वजापासून आलेला आहे. एकमेकांना न ओळखणारी ही माणसे दूरची भाऊबंद निघाली! आणि २००० साली अमेरिकेतल्या आणि हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून तो नेमका दोष शोधून काढला. त्या जागेला 'एसडीएचडी' असे नाव आहे. आता रक्ताच्या तपासणीत तो दोष ओळखता येतो.

दोन पोथ्या

हा वारसा कसा चालतो, ते एका दाखल्याने सांगतो. प्रत्येक माणसाजवळ शरीर घडवण्याच्या दोन पोथ्या असतात, असे समजा. एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. दोन्ही पोथ्यांत तीच पाने असतात. म्हणजे प्रत्येक पानाच्या दोन प्रती झाल्या. आपल्याला मूल होते, तेव्हा त्या दोन प्रतींतली एक आपण त्याला देतो. कोणती जाईल, ते आपल्या हाती नाही. रुपया वर उडवावा, छापा पडेल की काटा, कोणी सांगावे? तसेच हे.

आता समजा, एका माणसाच्या पोथीत चुलीच्या पानाची एक प्रत चुकीची आहे, एक बरोबर आहे. त्याच्या प्रत्येक मुलाला चुकीची प्रत मिळण्याचा संभव आठ आणे, न मिळण्याचा आठ आणे. मुलगा असो, मुलगी असो, हिशेब तोच. पहिल्या मुलाला मिळाली म्हणून दुसरे सुटले, असेही नाही. प्रत्येक वेळी रुपया नव्याने उडतो.

चुकीचे पान बापाकडून आले, तर त्या मुलाला किंवा मुलीला पुढे गाठ होण्याचा धोका बराच असतो. तेच पान आईकडून आले, तर बहुधा गाठ होत नाही. अपवाद फार थोडे. पण पान मात्र त्या मुलाच्या पोथीत राहतेच! तो पुढे बाप झाला, की त्याच्या मुलांना धोका येतो.

म्हणून ही गाठ एखाद्या पिढीत दिसतच नाही. लोकांना वाटते, शाप उतरला. आणि नातवंडांत ती पुन्हा दिसते. बाईच्या पोटून ती गुपचूप जाते, पुरुषाच्या वंशात उघडी होते. जी गोष्ट मध्येच एक पिढी दडून राहते, ती तोंडी आठवणीत कशी टिकणार? आजी गेली, की तिच्याबरोबर आठवणही जाते. ती कागदावरच टिकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या शेतकऱ्याच्या घरात दोष आला तो त्याच्या बापाकडून. सून तर दुसऱ्या घरची. तिचा त्याच्याशी संबंध काय? तरी बोल तिलाच लागला. पण म्हणून आता बापाला बोल लावू नका. आपल्या पोथीत कोणते पान यावे, हे त्या बापाने ठरवले नव्हते. यात कोणाचाच अपराध नाही.

मी सांगितला तो या गाठीचा एक प्रकार झाला. दुसरेही प्रकार आहेत. काही प्रकारांत आईकडून आलेला दोषही तितकाच बाधतो, आणि एका प्रकारात गाठ कर्करोगासारखी पसरण्याचा धोका जास्त असतो. आणि नाडीची गाठ झालेल्या सगळ्यांच्याच घराण्यात दोष असतो, असेही नाही. अशा दहा माणसांतल्या तिघा-चौघांत तो सापडतो. आपला प्रकार कोणता, ते डॉक्टरच तपासून सांगू शकतात.

काय करावे, काय करू नये

इथे एक खुलासा करतो. ही गाठ विरळा आहे. मानेला गाठ दिसली, की ती हीच, असे समजून घाबरू नका. आपल्याकडे मानेच्या गाठी बहुधा वेगळ्या कारणांनी होतात. क्षयाच्या गाठी होतात, त्यांना आपण गंडमाळा म्हणतो. क्षयावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि तो बरा होतो. गळ्याच्या पुढच्या अंगाला गलगंड होतो. तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग होतो आणि त्याच्याही गाठी मानेत उतरतात. कारण कोणतेही असो, गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

नाडीच्या गाठीच्या खुणा अशा : जबड्याच्या कोपऱ्याखाली न दुखणारी गाठ. बोट लावले तर नाडी उडते. गाठ डावी-उजवीकडे सरकते, पण वर-खाली सरकत नाही. कानात गाठ असली, तर नाडीच्या ठेक्यावर धडधड ऐकू येते आणि त्या कानाने कमी ऐकू येऊ लागते. आमच्या म्हाताऱ्याच्या कानात कांडणे चाले, ते हेच असावे. आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो.

अशीच गाठ पोटात मूत्रपिंडाजवळही होऊ शकते. ती रक्तदाब वाढवणारे द्रव्य रक्तात सोडते. अशा माणसाचे डोके एकाएकी ठणकते, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो. हे ठाऊक नसताना त्याचे कोणतेही ऑपरेशन केले, तर रक्तदाब भडकून जिवावर बेतू शकते. म्हणून घरात ही गाठ असेल, तर कोणत्याही ऑपरेशनाच्या आधी डॉक्टरांना ते सांगा.

आणि काय करू नये? गाठ चोळू नका. डाग देऊ नका. कोणाकडून फोडून किंवा टोचून घेऊ नका. या गाठीत रक्ताच्या नळ्या दाट असतात. चीर पडली, तर रक्त थांबणे कठीण. डॉक्टर आधी सोनोग्राफी करतात, एमआरआय करतात, मग ठरवतात. कधी ऑपरेशन करतात. कधी किरणांचे उपचार देतात. कधी गाठ लहान असेल आणि त्रास नसेल, तर काहीच न करता ठरावीक मुदतीने तपासत राहतात. ज्याच्या रक्तात दोष सापडला, पण गाठ नाही, त्यानेही अधूनमधून तपासून घ्यायचे असते. शेतात रोज फेरी मारणाऱ्याला कीड लवकर दिसते, तसेच हे आहे. आणि ज्याच्या रक्तात दोष सापडला नाही, त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले. त्याच्या मुलाबाळांनाही हे भय उरले नाही.

ती मुलगी

ज्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही ते 'नाही' लिहिले, तिचे काय झाले? २०१३ साली डॉक्टरांनी सगळ्यांना तपासायला बोलावले. बापाने जड मनाने लेकीच्या सासरी निरोप धाडला. तिच्या रक्तात दोष निघाला. मानेत वाटाण्याएवढी गाठही निघाली. म्हणजे ज्या मुलीचे भले करायचे म्हणून मी खोटे लिहिले, तीच आठ वर्षे अंधारात राहिली होती.

तिचे सासरे माझ्याकडे आले. मला वाटले, आता हे तिला माहेरी आणून सोडतात. ते ओसरीवर बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "गुरुजी, गाठीचा राग नाही. गाठ कुणाच्या हातची? पण आमच्यापासून लपवलंत, याचा राग आहे. आमची सून आहे ती. आम्ही तिला दवाखान्यात नेलं नसतं का?"

मी मान खाली घातली. काय बोलणार?

सगळीच सासरे मंडळी इतकी समंजस असतात, असे मी म्हणत नाही. आजाराचे नाव निघाले, की सोयरीक मोडते, हे मीही पाहिले आहे. म्हणून तुम्ही गाठ चव्हाट्यावर सांगा, असे माझे म्हणणे नाही. पण डॉक्टरांपासून लपवू नका, आणि ज्यांच्या अंगात तेच रक्त आहे त्यांच्यापासून लपवू नका. भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पुतण्या, भाची यांना कळलेच पाहिजे.

ती मुलगी आता ठरल्या मुदतीने तपासणीला जाते. तिची गाठ फारशी वाढलेली नाही. तिला एक मुलगा आहे. त्याला पान मिळाले असले, तर ते आईकडून. म्हणजे त्याला स्वतःला गाठ होण्याचा संभव फार कमी. पण त्याच्या मुलांना धोका असू शकतो. ती मुले अजून जन्माला यायची आहेत. त्यांच्यासाठी त्या मुलीने एक वही केली आहे. ती वही मी पाहिली, आणि तेव्हा मला आजचा हा अभ्यास सुचला.

वही कशी करावी?

आपल्याकडे वंशावळ ठेवण्याची चाल जुनी आहे. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन दारी येतात आणि घराण्याची नावे सांगतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या वह्यांत आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नावे सापडतात. पण त्या वह्यांत आजार नसतात. आणि दिल्या घरी गेलेल्या लेकींची नावे क्वचितच सापडतात. आपल्या वहीत दोन्ही हवीत.

वहीचे एक पान आडवे धरा. पुरुषासाठी चौकोन काढा, बाईसाठी वर्तुळ काढा. नवरा-बायको एका आडव्या रेघेने जोडा. त्या रेघेखालून मुलांच्या रेघा सोडा. सगळ्यांत वर आजोबा-आजी, मग त्यांची मुले, मग नातवंडे. ज्याला आजार झाला, त्याचा चौकोन किंवा वर्तुळ पेन्सिलीने काळे करा. जो वारला, त्याच्या खुणेवर तिरपी रेघ मारा. डॉक्टरही वंशावळ अशीच काढतात. तुमची वही पाहून कोणत्याही गावच्या डॉक्टराला ती लगेच कळेल.

प्रत्येकाच्या नावाखाली चार गोष्टी लिहा. वय किती. कोणता आजार झाला. कितव्या वर्षी झाला. वारले असल्यास कितव्या वर्षी आणि कशाने. आजाराचे नाव ठाऊक नसेल, तर दिसले ते लिहा : 'मानेला गाठ होती', 'कानात धडधड व्हायची', 'झोपेत गेले'. ऐकीव असेल, तर 'ऐकीव' असे लिहा. मनाचे काही घालू नका.

लेकी-सुनांची नावे लिहिताना एक काळजी घ्या. लग्नात कैक ठिकाणी मुलीचे नाव बदलतात. आडनाव तर बदलतेच. पन्नास वर्षांनी, ही आत्या कोण आणि ती मामी कोण, याचा पत्ता लागत नाही. म्हणून माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही लिहा. बापाकडची बाजू लिहा, तशी आईकडचीही लिहा.

ही वही फक्त गाठीसाठी नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, असे आणखीही आजार काही घराण्यांत जास्त दिसतात. तिथेही ही वही उपयोगी पडेल. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. विचारा आणि लिहा. दिवाळीला लेकी माहेरी येतात, तेव्हा बसा. एका बैठकीत होणार नाही. हळूहळू होईल.

बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी कोणाच्या हातात उद्या दवाखान्याचा तो कागद येईल. 'रक्ताच्या नात्यात कोणाला असा आजार आहे काय?' हा प्रश्न त्यावर असेल. आता तो कागद दुसऱ्या कोणाकडून भरून घेण्याची तुम्हांला गरज नाही. तुम्ही स्वतः भराल. त्या वेळी माझी आठवण ठेवा, आणि जे खरे असेल तेच त्या रकान्यात लिहा.

येत्या रविवारी वही घेऊन या. मी तपासणार आहे.

रामराम.